पुष्कळांचे डोळे, एकाचा कुंचला

चित्रकारानें कल्पना पुष्कळांपाशीं मागावी, यांत आम्हांस कांहीं कमीपणा दिसत नाहीं. सन २०१४ सालीं स्वच्छ भारत मोहिमेच्या बोधचिन्हासाठीं सरकारनें जनतेकडून चित्रें मागविलीं आणि कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनीं काढलेला गांधीजींचा चष्मा निवडला गेला. त्यापूर्वीं रुपयाच्या चिन्हासाठींही अशीच स्पर्धा झाली; तींत ‘र’ची शिरोरेषा राखणाऱ्या उदयकुमार यांच्या आकृतीस १५ जुलै २०१० रोजीं मान्यता मिळाली.

परंतु एकाचें चित्र घ्यावें आणि इतरांचे श्रम केराच्या टोपलींत जावे, ही रीत आम्हांस रुचत नाहीं. लोकांपाशीं पुरें चित्र न मागतां त्यांनीं जें पाहिलें तें मागावें. आपल्या वार्षिकाच्या मुखपृष्ठासाठीं असें कां करूं नये? कोणी झिरो माईलचे घोडे सांगेल, कोणी तान्ह्या पोळ्याचा लांकडी बैल, कोणी पिवळी मारबत. एखाद्याची आई सोललेल्या संत्र्यावरील पांढरी जाळी दाखवील, जी आम्हांस जन्मांत सुचली नसती! रेखाटील मात्र एकच विद्यार्थी. आणि ज्यांनीं ज्यांनीं डोळे उसने दिले, त्या सर्वांचीं नांवें मुखपृष्ठाच्या आंतल्या बाजूस छापावीं. तेवढी जागा तेथें खास आहे.