मोडण्यासाठी बसवलेली पिन

कला शाखेच्या विद्यार्थिनीने रॉकेटवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु भारताच्या भूमीवरून अवकाश-संशोधनाचे पहिले रॉकेट २१ नोव्हेंबर १९६३ रोजी उडाले ते थुंबा या केरळातील मच्छीमारांच्या गावातूनच. तेव्हा मिरकरवाड्यातील खलाशाच्या मुलीने, घरात कॉलेजची पायरी चढलेल्या पहिल्याच मुलीने, यात लक्ष घालायला हरकत नसावी. शिवाय मी लिहिणार आहे ते रॉकेटमधील सर्वांत क्षुल्लक वस्तूविषयी. ती दोन मिलिमीटर जाडीची, नायलॉनची आणि मोडण्यासाठीच बसवलेली असते. तिला शिअर पिन म्हणतात.

आमच्याकडे ही कल्पना नवी नाही. जुन्या, लहान आउटबोर्ड मशीनच्या पंख्यात अशीच एक मऊ धातूची पिन असते. पंखा खडकावर आपटला की पिन तुटते आणि आतले गिअर वाचतात. पिन काही रुपयांची, गिअर हजारोंचे. तरीही तुटलेल्या पिनेच्या जागी लोखंडी खिळा ठोकणारे महाभाग असतातच. "आता कधी तुटायची नाय," असे वर अभिमानाने सांगतात. खिळा खरोखरच तुटत नाही; गिअर तुटतो, आणि ऐन हंगामात होडी किनाऱ्याला लागते. त्या दिवसांत खलाशाच्या घरी वाटा येत नाही. खिळा ठोकणारा एक आणि चूल थंड राहते ती दुसऱ्याची! फ्यूजमध्ये जाड तार घालणारेही याच कुळातले. मजबूत तेच चांगले, हे आपण इतके घोकले आहे की काय मोडावे आणि केव्हा मोडावे हे ठरवणे हीसुद्धा कारागिरी आहे, हे कोणी मानतच नाही.

मोठ्या शक्तीच्या मॉडेल रॉकेटमध्ये ही कारागिरी अधिकच कठीण होते. टोकाचा शंकू नळीवर या पिनांनी अडकवलेला असतो. रॉकेट शिखरावर पोहोचले की आत थोडी बंदुकीची दारू पेटते, दाब वाढतो, पिना तुटतात आणि पॅराशूट बाहेर पडते. पिना फार बळकट असल्या तर पॅराशूट आतच राहते आणि रॉकेट भाल्यासारखे खाली येते. दुबळ्या असल्या तर भर वेगातच शंकू निघतो आणि पॅराशूटच्या चिंध्या होतात.

हिशेब आम्हा कला शाखेवाल्यांनाही जमण्यासारखा आहे. नळीचा व्यास १० सेंटिमीटर धरा. तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस सेंटिमीटर. जमिनीवरची हवा आत कोंडून रॉकेट ३ किलोमीटर वर गेले, तर बाहेरचा दाब जवळजवळ तीन-दशांशाने उतरलेला असतो. म्हणजे दारू पेटण्याआधीच शंकूला आतून सुमारे २५ किलोचा रेटा! म्हणून नळीला बारीक छिद्रे ठेवतात. दोन मिलिमीटरचा नायलॉनचा स्क्रू साधारण १० ते १५ किलोला तुटतो. तीन लावले तर ३० ते ४५. दारूने दर चौरस सेंटिमीटरला १ किलो दाब दिला की ७८ किलो जोर होतो, म्हणजे सवड राहते. जाड स्क्रू घेण्याचा मोह मात्र टाळावा, कारण जाडी दुप्पट केली की ताकद चौपट होते.

आता रत्नागिरीची गोष्ट. नायलॉन हवेतला ओलावा पिते. ओले नायलॉन मऊ पडते आणि जास्त ताणते, हे जाळी विणणाऱ्या कोणालाही विचारावे. पुस्तकातला आकडा बहुधा कोरड्या नायलॉनचा असतो. आपल्या श्रावणात तो कसा चालेल? माझे तर स्पष्ट मत आहे की, ज्या पुडीतले स्क्रू वापरायचे त्याच पुडीतले पाच, त्याच हवेत, आधी तोडून पाहावेत. जो तोडून पाहिलेला नाही, तो आकडा रॉकेटला बांधू नये.

दारूला मात्र आपण हात लावायचा नाही. १८८४ चा स्फोटक कायदा आहे आणि आपले हातही आहेत. ते काम परवानगी असलेल्या जाणत्यांचे. पिना तोडायला कोणाची परवानगी लागत नाही. भोके पाडलेल्या दोन पट्ट्या, एक बादली आणि हळूहळू ओतायची वाळू, एवढे पुरते. विज्ञान मंडळाने एक दुपार द्यावी. वाळू भाट्याच्या किनाऱ्यावर हवी तेवढी आहे, आणि तराजू मासळी बाजारातून मी आणीन.