पांदण, पाळ आणि सायकलीची वाट

मोटारींची वर्दळ मुळीच नाही अशा, मुरूम किंवा बारीक खडी दाबून केलेल्या सायकलीच्या वाटा तळ्यांच्या काठाने, जंगलांतून आणि नद्यांच्या खोऱ्यांतून काढण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत रूढ होऊन कित्येक वर्षे झाली. मूल, सावली, सिंदेवाही या आपल्या भागात तशी वाट करावी असे कोणी म्हणताच, हे रिकामटेकड्या शहरवासीयांचे चोचले होत, आपणांस त्यांचे काय, असा शेरा आपल्या शेतकरी बंधूंकडून हटकून मिळेल. आमचे मत याहून निराळे आहे. अशी वाट अवश्य व्हावी. मात्र ती प्रथम शाळेत जाणाऱ्या मुलामुलींसाठी, रोवणीस जाणाऱ्या मजुरांसाठी आणि बैलबंडीसाठी व्हावी, व ती डांबराची किंवा सिमेंटाची न होता मुरमाचीच राहावी. पाहुणा मागाहून आला तर त्यास कोणी नको म्हणणार नाही.

पुष्कळांस वाटेल की याकरिता नवी जमीन संपादन करावी लागेल. बहुतांशी तशी गरज नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या अमदानीत तलाव बांधणारास जमीन देण्याची चाल होती, आणि या कामातील कोहळी लोकांचे कसब तर प्रसिद्धच आहे. प्रत्येक तलावास पाळ आहे, पाळीस तुडूम आहे, तुडुमापासून बांध्यांपर्यंत पाट आहे, आणि पाटाच्या कडेने पिढ्यान्‌पिढ्या पायांनी पडलेली वाट आहे. त्यांत ब्रिटिश अमदानीतील आसोलामेंढा, नलेश्वर व घोडाझरी या मोठ्या तलावांच्या कालव्यांची भर पडली, व पुढे 1988 साली पायाभरणी झालेल्या गोसेखुर्द धरणाच्या उजव्या कालव्याची. कालव्याच्या काठाने देखरेखीचा रस्ता ठेवलेला असतोच. पाळ, पाट आणि कालवा हे तीन तुकडे एकमेकांस जोडले की तळ्यांवरून व नदीखोऱ्यांतून जाणारी वाट आपोआप तयार होते. परदेशांत तिच्याकरिता आराखडे करावे लागले. आपल्याकडे ती पूर्वजांनी धानासाठी आखून ठेविली आहे.

दुवा तुटतो तो पांदणीचा. पाळीवरून उतरून दुसऱ्या गावच्या कालव्यावर चढावयाचे तर मध्ये पांदण लागते, आणि पांदण नकाशावर असते, शिवारात नसते. आम्ही महसुली कचेरीत बरीच वर्षे लेखणी चालविली असल्यामुळे हे कसे घडते ते आम्हांस चांगले ठाऊक आहे. पांदण कोणी एका दिवसात गिळत नाही. या धुऱ्याचा मालक यंदा एक तास आत घालतो, पलीकडचा पुढल्या साली एक तास घालतो, आणि पंधरावीस वर्षांत जेथे दोन बंड्या समोरासमोर जात होत्या तेथे सायकल हातात धरून चालावे लागते. मग ज्याने तास घातला त्याचेच धान मळणीनंतर बाहेर निघेना की तो तहसिलीत अर्ज घेऊन येतो. असले अर्ज वाचताना हसू येई आणि कीवही येई. परक्या कोणी आपली वाट नेली नाही; ती आपणच नांगरली आहे.

कायदा या बाबतीत मुका नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिच्या 143 व्या कलमान्वये शेतात जाण्यासाठी धुऱ्यावरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदारास आहे. चालू वाट कोणी अडविल्यास 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या 5 व्या कलमाखाली दावा करता येतो. तो मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, आणि नेमकी ही मुदत आपले लोक सोयऱ्याधायऱ्यांच्या समजुती काढण्यात घालवितात. मालगुजारी 1951 साली गेली, तरी गावचे जुने वहिवाटीचे हक्क गेले नाहीत. खाजगी जमिनीतून जाण्यायेण्याचे व पाणी नेण्याचे हक्क संहितेच्या 165 व्या कलमाप्रमाणे वाजिब-उल-अर्जात नोंदले जातात. शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी असा निर्णय राज्य शासनाने 2025 साली घेतला, तो स्वागतार्ह आहे. ज्या गावाने वाजिब-उल-अर्जाची प्रत आजवर काढून पाहिली नाही, त्याने ती आता तरी पाहावी.

आता मुरमाचाच आग्रह का, ते सांगतो. आपल्याकडे रस्त्याची प्रतिष्ठा सिमेंटावर ठरते. मुरूम टाकला तर गावास अपमान वाटतो. परंतु नदीकाठच्या गावकऱ्यांस विचारावे की पक्का रस्ता झाल्यावर त्यावरून प्रथम कोण आले. शाळेचे पोर आले की रेतीचा टिप्पर आला? पक्की पांदण म्हणजे महामार्गावरील चौकी चुकविण्याची आडवाट होऊन बसते. दिवसा धूळ, रात्री धडधड, आणि दोन पावसाळ्यांत सिमेंटाच्या पाट्या फुटून रस्ता पूर्वीहून वाईट. पाळीवर तर जड वाहन हा तलावाचा शत्रूच समजावा. पाळ ही मातीची असते. टिप्परच्या चाकाने तिच्या माथ्यावर चाकोरी पडली की त्या चाकोरीत पावसाचे पाणी तुंबते, तुंबलेले पाणी उतार शोधते, उतारावर ओघळ पडतो, आणि ओघळ वाढत जाऊन भर श्रावणात पाळ फुटली की खालच्या बांध्या वाहून जातात. सायकलीने किंवा पायी माणसाने पाळीचे असे काही बिघडत नाही. उलट रोज कोणी पाळीवरून जात असला तर घुशीचे बीळ व पाझर वेळेवर नजरेस येतो.

मुरमाचे कामही अक्कलहुशारीने करावे लागते. बरडी व खर्डी जमिनीत थोडक्यात भागते. कन्हार आणि मोरांड जमिनीत नुसता मुरूम पसरल्यास पहिल्या झडीतच तो चिखलात गडप होतो. तेथे तळाशी दगडाचा थर, त्यावर मुरूम, मध्यभागी उंचवटा, दोन्ही बाजूंस नाल्या आणि पाट जेथे आडवा जातो तेथे नळी, इतके हवेच. बाराशे मिलिमीटरांवर पाऊस पडणाऱ्या मुलखात मुरमाची वाट दर वर्षी दिवाळीनंतर एकवार दुरुस्त करावीच लागते. पण ती दुरुस्ती गावचा मजूर गावच्या फावड्याने करू शकतो. सिमेंटाची पाटी फुटली तर निविदा निघेपर्यंत वाट पाहावी लागते.

वाघाविषयी न बोलता या भागात रानवाटेची गोष्ट करणे हा पोरकटपणा होईल. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प 1995 साली झाला, आणि आपल्या तालुक्याचा काही भाग त्याच्या बफर क्षेत्रात आहे. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात मेल्या. असे असता जंगलातून सायकलीची वाट काढा म्हणणे आम्हांस मान्य नाही, मग परदेशी पुस्तकांत काहीही लिहिलेले असो. पायी चालणारे चौघे बोलत, खाकरत जातात, जनावरास चाहूल लागते. सायकल आवाज न करता एकदम वळणावर जाऊन उभी राहते. म्हणून वाट उघड्या बांध्यांतून, पाळीवरून व कालव्यावरून न्यावी. दोन्ही बाजूंचे झुडूप तोडून नजर मोकळी ठेवावी. जेथे कालवा रानात शिरतो तेथे वाटेने त्याची संगत सोडून गावरस्ता धरावा. दिवस कासराभर वर आल्यावाचून व मावळतीनंतर तिच्यावर कोणी जाऊ नये, आणि मोहफुलांच्या व तेंदूच्या हंगामात रानालगतचा भाग बंदच ठेवावा.

तळ्याकाठी सायकलीची वाट म्हणजे पुण्यकर्मच, असेही समजू नये. मुंबई महानगरपालिकेने पवई तलावाच्या काठी असा मार्ग बांधावयास घेतला. तलावाच्या पाणथळ जागेत भर घालून तो केला जात असल्यामुळे मुंबई उच्च न्यायालयाने 2022 च्या मे महिन्यात तो बेकायदेशीर ठरवून केलेले बांधकाम काढून टाकण्याचा हुकूम दिला. आपल्याकडे तलावाच्या पोटात एक पाटीभरही मुरूम पडता कामा नये. जी पाळ आहे तीच वाट. याचा चांगला दाखला राजस्थानात भरतपूर येथे आहे. तेथील संस्थानिकांनी बांध घालून केलेली केवलादेवची पाणथळ 1985 साली जागतिक वारसा म्हणून मान्य झाली. तेथे लोक बांधांच्या वाटांनी पायी, सायकलीने किंवा रिक्षाने हिंडतात, आणि तेथले रिक्षावालेच पाहुण्यास पक्षी ओळखून दाखवितात. पैसा स्थानिकाच्या हाती पडतो तो असा. अमेरिकेत वॉशिंग्टनपासून निघणारा सुमारे तीनशे किलोमीटरांचा एक कालवा 1924 साली बंद पडला. खेचरांनी नावा ओढण्याची त्याच्या काठची वाट मोडून तेथे मोटाररस्ता करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस 1954 साली वृत्तपत्रकारांस बरोबर घेऊन ती सबंध वाट चालत आले. मोटाररस्ता झाला नाही. 1971 साली तो कालवा राष्ट्रीय उद्यान ठरला, आणि त्या वाटेवर आज पायी व सायकलीनेच लोक जातात.

सायकल या भागास परकी नाही. ढीवर बांधव पहाटेची मासळी सायकलीवरूनच गावोगाव नेत आले. मूलजवळच्या सोमनाथ प्रकल्पामुळे ज्यांचे नाव येथे घरोघरी आहे त्या बाबा आमट्यांनी 1985 च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत ‘भारत जोडो’ यात्रा काढली, तीही तरुण मुलामुलींस सायकलींवर घेऊन. आणि आठवी ते बारावीच्या मुलींस शासन मानव विकास कार्यक्रमातून सायकली देते. सायकल दिली, पण ती चालवावयाची कोठे? चंद्रपूर-गडचिरोली महामार्गावर, भरधाव मालमोटारींच्या खेटून. ज्या बापाने हा प्रकार एकदा डोळ्यांनी पाहिला तो मुलीस नववीत घरी बसवितो, आणि त्यास आम्ही दोष देऊ शकत नाही.

आमचे कास्तकार म्हणतील, ट्रॅक्टरचे काय? रास्त आहे. पांदणीवर ट्रॅक्टर चाललाच पाहिजे. याकरिता पांदणीच्या तोंडाशी सात फुटांच्या अंतराने दोन दगडी खांब रोवावेत. बंडी व ट्रॅक्टर त्यांतून निघतो. टिप्पर आठ फूट रुंद असल्यामुळे अडतो. धानकापणीचे यंत्र याहून रुंद असते, म्हणून एक खांब लोखंडी, कुलपाचा ठेवावा आणि हंगामात तो काढावा. पाळीवर व कालव्यावर अंतर याहून कमी, बंडीपुरतेच असावे. पाटबंधाऱ्याच्या माणसांस दुरुस्तीसाठी यंत्र न्यावयाचे तर त्यांसही कुलूप उघडून मिळेल. किल्ली कोणाकडे राहावी हे ग्रामसभेने नाव घेऊन ठरवावे, आणि ज्याच्या घरी रेतीचा टिप्पर उभा असतो त्याच्याकडे ती देऊ नये.

आसोलामेंढ्याच्या कालव्यालगतच्या गावांनी प्रथम हात घालावा असे आम्हांस वाटते, कारण तेथे काठाचा रस्ता आहेच आणि जोडावयाच्या पांदणी थोड्या आहेत. मळणी आटोपल्यावर भूमि अभिलेख कचेरीतून गावनकाशाची प्रत घ्यावी, पाटबंधारे खात्याकडे परवानगीचा अर्ज टाकावा, आणि ज्या ज्या कास्तकाराचा तास पांदणीत गेला आहे त्याने मोजणीदार येण्याची वाट न पाहता येत्या नांगरटीस तो मागे घ्यावा.