आकाशाचा पंचनामा

आठवड्याचे आकाश : ध्रुवदर्शी, राळेगाव

2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी, गुढ्या उतरवून झाल्या होत्या, गाठीचे तुकडे मुलांच्या हाती पडले होते, आणि दिवसभराच्या उन्हाने तापलेल्या अंगणात पाणी शिंपडून आम्ही खाटा टाकण्याच्या बेतात होतो, तोच राळेगावच्या आकाशातून तेजाची एक रांग सरकू लागली. उल्का डोळ्याचे पाते लवते न लवते तोच विझते; ही रांग मात्र संथपणे, एका निखाऱ्याने दुसऱ्याचा माग धरावा तशी, इतका वेळ दिसत राहिली की घराघरांतून माणसे बाहेर आली. शेजारचा मुलगा धावत माझ्याजवळ आला आणि माझा हात हलवून म्हणाला, "आबाजी, वरून कोनी येऊन रायलं काय?"

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावी, सुमारे तीन मीटर व्यासाचे एक धातूचे कडे आकाशातून पडले आणि पोलिसांच्या ताब्यात गेले. चिनी अग्निबाणाचा निकामी टप्पा वातावरणात शिरून जळाला असावा आणि हे त्याचे अवशेष असावेत, असा निष्कर्ष पुढे जाणकारांनी काढला. मुलाला मी तो दुसऱ्या दिवशी सांगितला. त्याची किंचित निराशा झालेली पाहून मला मात्र बरे वाटले, कारण त्याच्या प्रश्नात जी आस होती, ती खोटी नव्हती. या अफाट विश्वात आपण एकटे आहोत की आपले कोणी सोयरे आहेत, हा प्रश्न अंगणात उभा असलेला मुलगा आणि वेधशाळेत बसलेला पंडित सारख्याच उत्कंठेने विचारतात. दोघांमधला फरक एवढाच की पंडिताला उत्तराचा पंचनामा करावा लागतो.

पंचनामा हा शब्द मी सहज वापरलेला नाही. माझी उभी हयात महसूल खात्यात, शेताच्या बांधावर, पंचनामे लिहिण्यात गेली. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारपीट झाली, तेव्हाचा एक दिवस माझ्या मनातून जात नाही. एका हरभऱ्याच्या वावरात आम्ही उभे होतो. पीक गेले होते, यात संशय नव्हता. परंतु गारांनी झोडपलेले झाड जमिनीशी लोळते, त्याचे घाटे फुटून चिखलात रुततात आणि देठांवर ठेचल्याच्या काळ्या खुणा उमटतात. इथे शेंडे खुडल्यासारखे तुटले होते, देठ अभंग उभे होते आणि ओल्या मातीत रोह्यांचे खूर स्पष्ट उमटले होते. शेतकरी काही बोलला नाही, पण पंच हळूच म्हणाले, "साहेब, गारपीटच लिहा." लेखणी कागदावर ठेवून मी किती वेळ उभा होतो, ते आज सांगता येत नाही. शेवटी मी लिहिले : पिकाचे नुकसान झाले आहे, ते गारपिटीने झाल्याचे स्थापित होत नाही. त्या माणसाने अंगठा उठवला आणि मान फिरवली. त्या फिरवलेल्या मानेचे दुःख मला अजून आहे. तरीही ते वाक्य मी आज पुन्हा तसेच लिहीन.

आणि म्हणूनच, मार्च 2009 मध्ये भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने एका प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला तेव्हा त्यातले एक कबुलीचे वाक्य वाचून माझे डोळे पाणावले. उंचावरच्या हवेत सापडलेले सूक्ष्मजीव पृथ्वीबाहेरून आल्याचे या अभ्यासाने निर्णायकपणे स्थापित होत नाही, असा त्या वाक्याचा आशय होता. त्यामागे किती वर्षांचे श्रम आणि किती उत्कट इच्छा होती, हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच त्या वाक्याचे मोल कळेल.

या प्रयोगाचे प्रमुख प्रेरक होते जयंत विष्णु नारळीकर. कोल्हापुरात 19 जुलै 1938 रोजी जन्मलेला, केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्यापाशी शिकलेला, 1972 मध्ये मायदेशी परतून आधी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुढे पुण्याच्या 'आयुका'त एक पिढी घडवणारा हा पुरुष 20 मे 2025 रोजी पुण्यात निवर्तला. मराठी वाचकाने त्यांना आधी कथाकार म्हणून ओळखले. 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा धाडणारा लेखक हाच, हे कळल्यावर झालेला आनंद माझ्या पिढीला आठवत असेल. हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंगे यांचा सिद्धान्त असा की जीवनाचे बीज पृथ्वीवर उगवलेले नसून धूमकेतूंच्या द्वारा अवकाशातून आले, आणि अजूनही येत आहे. गुरूचे मत म्हणून नारळीकरांनी ते शिरोधार्य मानले नाही, आणि जगाने हेटाळले म्हणून टाकूनही दिले नाही. जीव जर वरून येत असेल, तर तो वाटेत कुठे तरी सापडलाच पाहिजे. तेव्हा वर जाऊन पाहावे, असा त्यांचा सरळ विचार होता.

फुग्याचे पहिले उड्डाण जानेवारी 2001 मध्ये हैदराबादेहून झाले, आणि 41 किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने खाली आले. दुसरे, अधिक काटेकोर, 20 एप्रिल 2005 रोजी. टाटा संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून 2 कोटी 67 लाख घनफूट आकारमानाचा फुगा वर चढला. त्याच्याखाली 459 किलो वजनाचे यंत्र लोंबत होते आणि त्यात 38 किलो द्रवरूप निऑन भरलेला होता. यंत्रात पोलादाच्या सोळा नळ्या, आतून निर्वात आणि पूर्णपणे निर्जंतुक केलेल्या. निऑन उणे 246 अंशांच्या आसपास द्रवरूप असतो. त्यात बुडालेल्या नळीचे तोंड उंचावर उघडले की बाहेरची विरळ हवा आत खेचली जाऊन भिंतीवर गोठते, आणि त्या हवेबरोबर तिच्यात तरंगणारे जे काही असेल तेही अडकते. मग तोंड बंद होते. 20 ते 41 किलोमीटरच्या पट्ट्यातील हवा अशी निरनिराळ्या नळ्यांत मोहोरबंद होऊन पॅराशूटने भूमीवर उतरली. ज्याने कधी मुद्देमाल सील केला आहे आणि लाखेवर ठसा उमटवताना दोन्ही पंचांना जवळ बोलावले आहे, त्याला या कृतीतली काळजी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

नमुन्यांची तपासणी दोन स्वतंत्र ठिकाणी झाली : हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात, आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात. एकंदर बारा जीवाणूंच्या आणि सहा बुरशींच्या वसाहती वाढल्या. त्यांपैकी बहुतेक पृथ्वीवरच्या ज्ञात जातींशी 98 टक्क्यांहून अधिक साम्य दाखवणाऱ्या निघाल्या. तीन जीवाणू मात्र विज्ञानाला सर्वस्वी नवे होते. एकाला हॉइल यांच्या स्मरणार्थ 'जॅनिबॅक्टर हॉयलेई', दुसऱ्याला इस्रोच्या नावाने 'बॅसिलस इस्रोनेन्सिस' आणि तिसऱ्याला आर्यभटाच्या नावाने 'बॅसिलस आर्यभट्टाई' अशी नावे मिळाली. या तिघांचीही जंबुपार, म्हणजे ज्यांना आज अतिनील म्हणतात त्या, किरणांना तोंड देण्याची शक्ती त्यांच्या जवळच्या भाऊबंदांहून अधिक आढळली.

इथे कोणालाही मोह व्हावा. चाळीस किलोमीटरवर सापडलेला, कोणाला माहीत नसलेला, घातक किरणांना न जुमानणारा जीव! आमच्या पंचांप्रमाणे कोणी कानाशी येऊन "साहेब, परग्रहच लिहा" असे म्हणाले असते, तर त्यात वावगे वाटण्याजोगे फारसे नव्हते. परंतु तिन्ही जीव नवे असले तरी त्यांचे कुळ जुनेच होते. जॅनिबॅक्टर आणि बॅसिलस ही घराणी पृथ्वीवर सर्वज्ञात आहेत. यावर विक्रमसिंगे यांच्या पक्षाचे म्हणणे असे की पृथ्वीवरचे जीवनच मुळात वरून आलेले असल्यामुळे वरचे आणि खालचे जीव सारखे असणारच. हा युक्तिवाद मला कधी पटला नाही. साम्य आढळले तरी दावा खरा आणि भेद आढळला तरी दावा खराच, अशी जेथे सोय आहे, तेथे साक्षीदाराची जबानी घेण्याचे कारणच उरत नाही. खालची धूळ आणि जीव वावटळीने, मेघगर्जनेच्या वादळाने, ज्वालामुखीच्या उद्रेकाने किती उंच जाऊ शकतात, याचा पुरता हिशेब लागेपर्यंत त्या नळ्यांतील रहिवासी कोणत्या गावचे, हे नक्की म्हणता येणार नाही.

या प्रकरणाचा पुढचा भाग मला सर्वाधिक प्रिय आहे आणि तो वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला नाही. आकाशात गवसलेला तो आर्यभट्टाई पुढे पृथ्वीवर जागोजागी सापडू लागला. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मध्य भारताच्या काळ्या कसदार मातीत, सोयाबीनच्या मुळांभोवती, त्याचे वाण मिळाल्याचे आणि ते जमिनीतले अविद्राव्य जस्त विरघळवून सोयाबीन व गव्हाच्या हाती देतात, असे दाखवले गेले. ब्राझीलच्या रुक्ष प्रदेशात एका निवडुंगाच्या मुळाशी मिळालेला त्याचा वाण मक्याला पाण्याचा ताण सोसण्यास साह्य करतो, म्हणून तिथे शेतकऱ्यांच्या वापरात आला आहे. आता शास्त्रज्ञांनी त्याचे घराणेही बदलून 'प्रीस्टिया' केले आहे. ज्याला आपण स्वर्गातून आलेला अतिथी समजत होतो, तो कदाचित आमच्याच वावरातला, कपाशी-सोयाबीनच्या काळ्या मातीतला सालदार निघाला. मी हे वाचल्यावर आमच्या मळ्यातले सोयाबीनचे एक झाड उपटून पाहिले. मुळांवर मुगाच्या दाण्याएवढ्या गाठी, त्यांना चिकटलेली काळी भुरभुरीत माती, आणि बोटांनी चिरडल्यावर एका गाठीतून निघालेला रक्तासारखा तांबूस रस. त्या गाठी करणारे जीवाणू वेगळे, हे मला ठाऊक आहे. पण मुळांभोवतीच्या चिमूटभर मातीत आणखी कोण कोण नांदत असेल, याची मोजदाद राळेगाव तालुक्यात अद्याप कोणी केलेली मला दिसत नाही.

यावरून परजीवनाचा शोध व्यर्थ आहे, असे कोणी समजू नये. उलट, त्या शोधाची पहिली पायरी आमच्या पायाशी आहे, असे माझे मत झाले आहे. आमच्याच विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचे सरोवर आहे : अशनीच्या आघाताने बसाल्टच्या खडकात पडलेले, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर, आणि मंगळाचा पृष्ठभागही बहुतांशी बसाल्टचाच. पाणी इतके क्षारयुक्त की सामान्य माशाला तिथे जगणे अवघड; तरीही सूक्ष्मजीवांची तिथे रेलचेल. 2020 च्या जून महिन्यात ते पाणी गुलाबी झाले, तेव्हा लोकांनी नाना तर्क केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून तो खारट पाण्यात वाढणाऱ्या आदिजीवाणूंचा रंग असल्याचे सांगितले. मंगळावर एके काळी सरोवरे होती. तिथे कोणत्या खुणा शोधाव्यात, हे ज्याला शिकायचे आहे, त्याने लोणारच्या काठावरच्या पांढऱ्या खारात बसून शिकावे.

दूरच्या आघाडीवरही गोष्टी त्याच धीम्या गतीने चालल्या आहेत. बेन्नू नावाच्या लघुग्रहावरून 2023 मध्ये मोहोरबंद डब्यात आणलेल्या सव्वाशे ग्रॅमहून किंचित कमी मातीत, आपल्या शरीरातील प्रथिने ज्या वीस अमिनो आम्लांची बनतात, त्यांतली चौदा आढळली. जीव मात्र आढळला नाही. मंगळावर 'पर्सिव्हिअरन्स' गाडीला 2024 च्या जुलैमध्ये बिबट्याच्या ठिपक्यांसारखे ठिपके असलेला खडक मिळाला, आणि सप्टेंबर 2025 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला संभाव्य जीवखूण म्हटले. 'संभाव्य' हा शब्द त्यांनी जाणूनबुजून ठेवला आहे. तो नमुना नळीत बंद होऊन मंगळावरच आहे, आणि त्याला पृथ्वीवर आणण्याची योजना खर्चापायी अडली आहे.

माझी तक्रार आहे ती इतकीच की आमचा स्वतःचा पंचनामा अर्धा राहिला. 2009 च्या त्या निवेदनाने काम पुढे चालवण्यास उत्तेजन मिळते, असेही म्हटले होते. सापडलेल्या पेशींतील कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजून त्यांचे मूळ गाव ताडून पाहावे, अशी सूचना शास्त्रज्ञांत झालेली होती. ज्या देशाने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ यान उतरवले, त्याला आणखी एक फुगा, आणखी सोळा नळ्या जड नाहीत. नारळीकरांचे स्मारक कोणी उभारू इच्छीत असेल, तर माझे मत त्या फुग्याच्या बाजूने पडेल.

हैदराबादचे फुगे अजूनही आकाशात जातात. वाऱ्याच्या कलाने त्यांच्या पेट्या महाराष्ट्राच्या हद्दीतही उतरू शकतात, आणि म्हणून उड्डाणांच्या मोसमात विदर्भ-मराठवाड्यासाठी वर्तमानपत्रांतून सूचना येते : पॅराशूटसह पेटी आढळल्यास उघडू नये, हलवू नये, जवळच्या पोलीस ठाण्यास, डाकघरास वा जिल्हा प्रशासनास कळवावे; कळवणारास योग्य बक्षीस दिले जाईल. ती सूचना मी गेल्या खेपेस कातरून शेजारच्या त्या मुलाला दिली. तो आता मोठ्या शाळेत जातो. पेटीला हात का लावायचा नाही, असे त्याने विचारले. मी त्याचा तळहात उलटा करून त्याच्याच डोळ्यांपुढे धरला आणि सांगितले, की या हातावर अगणित जीव आहेत. पेटीवर तुझे बोट टेकले, तर पुढे पुण्याच्या प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीत जी वसाहत वाढेल, ती आकाशाची की राळेगावची, हे कोणालाच सांगता येणार नाही. त्याने बराच वेळ आपल्या तळहाताकडे पाहिले, आणि मग दोन्ही हात पाठीमागे बांधून अंगणातून वर पाहत उभा राहिला.