पाटी घ्यावी की वही?

दिवाळी होऊन गेली होती. घरात मी एवढेच म्हटले की, कॉलेजात टिपणे काढायला मला एक टॅब्लेट घ्यायचा आहे, पेनाने लिहिता येईल असा. आईने हातातले सूप खाली ठेवले आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"टॅब्लेट? काहून वं, डोकं दुखते का तुह्यं?"

ती गोळी वेगळी आणि हा टॅब्लेट वेगळा, हे समजावताना मी चुकून म्हणाले की, हा पाटीसारखा असतो. तेव्हा आई म्हणाली, "पाटी त पहिलीतच फोडली तू. आता बी. ए. ले परत पाटी?" बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त किंमत विचारली. सीताबर्डीच्या दुकानात मला वीस-बावीस हजार सांगितले होते, ते मी सांगितले. बाबांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाले, "तीन क्विंटल कापूस."

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात कापसाच्याच मापाने मोजला जातो आहे. तीन क्विंटल कापसाच्या बदल्यात कला शाखेच्या विद्यार्थ्याला पाटी घ्यावी काय? आमच्या वर्गात याबद्दल दोन तट आहेत. एक म्हणतो, जग कुठल्या कुठे गेले, तुम्ही अजून दोनशे पानी वहीतच! दुसरा म्हणतो, हे सगळे शहरी थेर आहेत. मला दोघांचेही पटत नाही. नागपूरला शिकणाऱ्या माझ्या आतेभावाने आपला जुना टॅब्लेट मला एका सत्रापुरता वापरायला दिला होता. त्या पाच महिन्यांच्या अनुभवावर मी हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट पेनाची. विज्ञानाचा किंवा इंग्रजी माध्यमाचा विद्यार्थी लॅपटॉपवर खटाखट टिपणे उतरवू शकतो. आम्ही मराठीत शिकणारे काय करणार? इनस्क्रिप्टचा कळफलक आमच्यापैकी किती जणांना येतो? बाकीचे रोमन अक्षरांतून मराठी उमटवतात. म्हणजे सर म्हणतात 'दृष्टान्त', आणि आम्ही मनात आधी त्याची इंग्रजी अक्षरे जुळवतो, मग पडद्यावर 'दृष्टांत' येतो की 'द्रुष्टांत' हे तपासतो. तोवर सर पुढच्या ओवीवर पोहोचलेले असतात. शिवाय वृत्ताच्या तासाला लघुगुरूच्या खुणा कळफलकावर कशा काढायच्या? अर्थशास्त्रातला मागणीचा वक्र? भूगोलातला वर्धा नदीच्या खोऱ्याचा नकाशा? आमच्या शाखेला पेनाची गरज चैनीची नाही. ज्या टॅब्लेटला धड पेन नाही, तो आमच्यासाठी सिनेमा पाहण्याची मोठी चौकट आहे, एवढेच.

यात परदेशातल्या संशोधनाचाही दाखला देता येतो. २०१४ साली अमेरिकेत म्यूलर आणि ओपेनहायमर या दोघांनी असे दाखवले की, लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी वक्त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवत जातात आणि विचार करावा लागणाऱ्या प्रश्नांत मागे पडतात. हाताने लिहिणाऱ्याला सगळे लिहिणे जमत नाही, म्हणून त्याला निवडावे लागते. २०१९ साली दुसऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक इतका ठसठशीत निघाला नाही, हेही सांगायला हवे. पण मला अमेरिकेपेक्षा आमच्या वाटेवरचा दाखला जवळचा वाटतो. केळझरहून वर्ध्याला जाणारी आमची एस. टी. रोज सेलू ओलांडून पवनारवरून जाते. खिडकीतून धाम नदी दिसते, पलीकडे विनोबांचा आश्रम. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक, असे अठरा रविवार. ध्वनिमुद्रण नव्हते. श्रोत्यांत साने गुरुजी बसले होते आणि ते हाताने लिहून घेत होते. आज 'गीता प्रवचने' म्हणून जे पुस्तक आपण वाचतो ते त्या लिहून घेण्यातून आले. सत्र परीक्षेसाठी आम्ही जी टिपणे काढतो त्यांची तुलना त्याच्याशी करण्याचा आगाऊपणा मी करत नाही. परंतु समोरचा माणूस बोलत असताना त्याचे बोलणे कागदावर जिवंत ठेवता येते ते हातानेच, एवढे त्यावरून मला पटले.

आता हा हात काचेवर कसा चालतो, ते पाहू. बाजारात दोन जातींची पेने मिळतात. एक रबरी टोकाचे, शंभर-दीडशे रुपयांचे. त्याला टॅब्लेट बोटच समजतो. त्याने लिहिताना तळहात काचेला टेकला की तोही उमटतो. मग हात अधांतरी धरून लिहायचे. देवनागरीत तर प्रत्येक अक्षराला पेन उचलावे लागते, वर शिरोरेघ द्यावी लागते. दहा मिनिटांत मनगट बोलू लागते. (मोडी लिहिणाऱ्या कारकुनांचा मला हेवा वाटला. ते आधी पानभर रेघ ओढून ठेवत आणि मग तिला अक्षरे टांगत जात, लेखणी फारशी न उचलता.) दुसरी जात खऱ्या पेनाची. त्यात जपानच्या वॅकॉम कंपनीने रूढ केलेली युक्ती मला फार आवडली. पडद्याखालच्या पातळ पत्र्यातून चुंबकीय लहरी निघतात, पेनातल्या तारेच्या वेटोळ्याला त्यातूनच शक्ती मिळते आणि पेन आपली जागा कळवते. त्याला घट नको, चार्जिंग नको. सॅमसंगची पेने या जातीची. २०२० साली आलेल्या त्यांच्या टॅब एस सिक्स लाइटबरोबर हे पेन खोक्यातच मिळाले, वेगळे घ्यावे लागले नाही. ॲपलचे पेन्सिल २०१५ साली आले, त्यांच्या साध्या आयपॅडवर ते चालू लागले २०१८ मध्ये. ते उत्तम लिहिते, पण वेगळे विकत घ्यावे लागते आणि चार्जही करावे लागते. उन्हाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. तिथे पेनालाही भूक लागणे मला परवडणारे नाही.

दुकानदार सांगतो, या पेनाला दाबाच्या चार हजार शहाण्णव पायऱ्या आहेत. चित्रकाराला त्या असू द्या. टिपणे काढणाऱ्याने दुकानात उभे राहून स्वतःचे नाव, गाव आणि एक जोडाक्षरांनी भरलेले वाक्य भरभर लिहून पाहावे. शाई पेनाच्या टोकामागे रेंगाळते का? तळहात टेकल्यावर पडदा गप्प राहतो का? वेलांटी तुटते का? काच फार गुळगुळीत वाटली तर खरखरीत पडदी चिकटवता येते, मग कागदासारखी थोडी किरकिर होते. मात्र तिच्यामुळे पेनाचे टोक लवकर झिजते. टोके वेगळी मिळतात का, हेही विचारून घ्यावे. आतली जागा किती, गती किती, कॅमेरे किती, या प्रश्नांवर दुकानात फार वेळ जातो आणि आमच्या कामाला त्यांचा फारसा उपयोग नाही. हस्ताक्षराचे छापील अक्षरांत रूपांतर करण्याची मोहिनीही थोडी दूरच ठेवावी. गूगलच्या कळफलकावर मराठी हस्ताक्षर ओळखण्याची सोय आहे आणि सावकाश लिहिले तर ती चांगली चालते. पण तासाला कोणी सावकाश लिहिते का? माझ्या घाईच्या 'ळ' चे त्याने इतके अवतार दाखवले की, शेवटी मी तो नाद सोडला. टिपण हे टिपणच राहू द्यावे.

एवढे सगळे नीट झाले तरी एक खड्डा राहतोच, आणि त्यात मी पडले. मी ज्या फुकट वहीत, म्हणजे ॲपमध्ये, लिहीत होते ती सत्राच्या मध्येच फुकट राहिली नाही. महिन्याचे पैसे भरा, नाहीतर तीन वह्यांपलीकडे काही उघडणार नाही, अशी पाटी झळकली. (पाटीवर पाटी!) माझ्या सात वह्या होत्या. मध्ययुगीन मराठी वाङ्मयाचे चाळीस-बेचाळीस तासांचे टिपण आत, आणि मी बाहेर. आमचे गाव म्हणजे महाभारतातली एकचक्रा नगरी अशी समजूत आहे, तेव्हा बकासुराची गोष्ट आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळते. त्याला रोज एक गाडाभर अन्न आणि एक माणूस लागे. या नव्या बकासुराला महिन्याला एक गाडा पुरतो, पण गाडा थांबला की तो वह्याच गिळतो.

गंमत अशी की, त्या अडकलेल्या टिपणांत महानुभाव वाङ्मयच होते. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ज्याला ज्याला चक्रधरांची आठवण होती त्याला गाठून विचारून 'लीळाचरित्र' लिहिले. मूळ पोथी पुढे धावपळीच्या काळात गेली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. नंतरच्या काळात पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले. पंथाबाहेरच्या वाचकाला ते विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत कुलूपबंदच होते. त्या लोकांनी कुलूप लावले ते ग्रंथ जपण्यासाठी, आणि किल्ली त्यांच्याच जवळ होती. माझ्या वहीची किल्ली मात्र माझ्याजवळ नव्हती. त्या अनुयायांसारखी स्मरणातून टिपणे उभी करण्याची माझी ऐपत नाही. मैत्रिणीच्या वहीची झेरॉक्स काढली आणि परीक्षा दिली. म्हणून आता मला कोणी विचारले की टॅब्लेट कोणता घ्यावा, तर मी आधी विचारते: त्यात लिहिलेले पीडीएफ होऊन बाहेर पडते का? पैसे न भरता? दर शनिवारी ते बाहेर काढून मोबाईलमध्ये एक प्रत ठेवण्याची शिस्त तुला जमेल का? या तीन प्रश्नांना 'होय' नसेल, तर वही घे. वहीला लहरी लागत नाहीत.

वहीच्या बाजूने आणखीही बोलता येईल. आमच्या परीक्षा आजही तीन-तीन तास कागदावर द्याव्या लागतात, आणि काचेवर सरावलेला हात कागदावर पहिला अर्धा तास अडखळतो, हा माझा अनुभव आहे. पडद्यावर मधूनच एखाद्या लग्नाचे फोटो येऊन टपकतात, तेही खरे. शिवाय काही प्राध्यापक (त्यांची क्षमा मागून सांगते) ज्या पिवळ्या पडलेल्या कागदांवरून आम्हाला उतरवून देतात, ते उतरवायला वीस हजारांचे यंत्र कशाला? त्या कागदांचीच झेरॉक्स द्यावी, सगळ्यांचाच वेळ वाचेल.

मग मी पाटीच्या बाजूची की वहीच्या? खरे सांगायचे तर माझे मत एका नोव्हेंबरच्या महिन्यात ठरले. कापूस वेचणीला आला की आमच्या वर्गातली पटावरची संख्या आणि बाकांवरची संख्या यांचा मेळ बसत नाही. मुली वेचणीला जातात, मुलेही जातात. त्यांना टिपणे हवी असतात. माझी वही एका वेळी एकीकडे जाते, तिथून तिच्या मावसबहिणीकडे, आणि परत येते तेव्हा तिच्यावर चहाचे वर्तुळ आणि मधली आठ पाने गायब. त्या पाच महिन्यांत मात्र मी तास संपला की पान पीडीएफ करून पाठवत होते. रात्री शेतातून आलेल्या अकरा जणींच्या मोबाईलवर ते एकाच वेळी उघडत होते. एकीने कळवले, 'तुझी बाण काढायची पद्धत कळत नाही, नीट काढ.' दुसऱ्या दिवशी मी नीट काढली. हे वहीने होत नाही.

पण त्यासाठी अकरा घरांतून तीन-तीन क्विंटल कापूस काढायची गरज नाही. सरकारी टॅब्लेटची वाट पाहण्यातही अर्थ नाही. २०११ साली दिल्लीत मोठ्या गाजावाजात 'आकाश' आला होता, त्याचा पडदा बोटाने दाबावा लागे. तो आज कोणाच्या हाती दिसत नाही. नागपूरच्या 'महाज्योती'ने इतर मागासवर्गीय मुलांना टॅब्लेट दिले ते प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या विज्ञान शाखेच्या मुलांना. कला शाखा त्यात बसत नाही. आपल्या ग्रंथालयाने पेन असलेले चार टॅब्लेट घ्यावेत आणि पुस्तकासारखे नोंदवहीत सही घेऊन वर्गाच्या टिपणकाराला द्यावेत. टिपणकार आठवड्याने बदलावा, म्हणजे एकाच मुलीचे हस्ताक्षर सगळ्यांच्या माथी येणार नाही. त्याने काढलेले टिपण त्याच संध्याकाळी सगळ्या वर्गाकडे जावे.

आईच्या बचत गटातून कर्ज मिळत होते. ते मी घेतले नाही. आईने मात्र विचारले, "मंग त्या पाटीचं काय झालं वं?" मी म्हटले, कॉलेजाला मागितली. ती म्हणाली, "कॉलेज देते काय?" तसा अर्ज प्राचार्यांकडे द्यायचा आहे. तो मी हातानेच लिहिला आहे, कागदावर. खाली सत्तावीस सह्या झाल्या आहेत. त्यांच्यापुढे डाव्या बाजूला थोडी जागा मोकळी ठेवली आहे, प्राध्यापकांपैकी कोणाला सही करायची असेल तर. तो अर्ज ग्रंथालयात, टेबलाच्या डाव्या खणात आहे.