जुनी इलेक्ट्रिक स्कूटर घेताय? आधी बॅटरीचा हिशोब करा

जुन्या इलेक्ट्रिक स्कूटरचे भाव उतरले, ते उगाच नाही. कंपन्यांनी स्पर्धेत लाखाच्या आतली नवी मॉडेल्स आणली. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव पडणारच. कमी पगाराच्या घरासाठी ही संधी आहे, पण हिशोब नीट मांडला तरच.

समजा, रोज 30 किलोमीटर फिरणे आहे. पेट्रोल स्कूटरला साधारण 70 रुपये लागतात, इलेक्ट्रिकला एखादं युनिट, म्हणजे दहा-बारा रुपये. महिन्याला दीड हजार वाचले, तर 40 हजारांची जुनी गाडी सव्वादोन वर्षांत वसूल होते. मात्र वर्षभरात बॅटरी बसली तर? 3 किलोवॅट-तासाची नवी बॅटरी 50 हजारांच्या पुढे जाते. बचत 18 हजार आणि खर्च 50 हजार!

म्हणून गाडीचा रंग नव्हे, बॅटरी बघा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तिची तपासणी करून घ्या. वॉरंटी किती उरली आणि ती नव्या मालकाला मिळते का, हे लेखी विचारा. बॅटरी भाड्याच्या योजनेतली असेल, तर ती विकणाऱ्याची नाहीच. फुल चार्ज करून मागे माणूस बसवून चालवा. 20 किलोमीटरला 40 टक्के संपली, तर गाडी 50 किलोमीटरचीच, जाहिरात काहीही म्हणो.

2022 मध्ये गाड्यांना आगी लागल्यावर बॅटरी सुरक्षेचे नियम कडक झाले. ते डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्यानंतर बनलेल्या गाडीला पसंती द्या.

कागदपत्रांत कर्जाचा बोजा उतरलाय का, ते बघा. उतरला नसेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35, नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. "हिला नंबर प्लेट लागत नाही" हे फक्त ताशी 25 किलोमीटर आणि 250 वॉटपर्यंतच्या गाडीलाच खरे. 45 ने पळणारी विनानंबर गाडी पोलिसांनी अडवली, तर भुर्दंड तुमच्याच खिशाला.

थोडक्यात, वॉरंटी संपलेली 40 हजारांची गाडी 90 हजारांची समजूनच भाव करा.