आपली गाडी आपल्याला ठाऊक आहे का?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. शाळा सुटायची वेळ, बाहेर धो धो पाऊस आणि फाटकापाशी गाड्यांची रांग. एका गाडीच्या पुढच्या काचेवर आतून इतकी वाफ धरली होती की चालवणाऱ्या पालकांचा चेहराही दिसत नव्हता. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात फडके अशा अवस्थेत ते गाडी पुढे घेत होते आणि समोरून पाचवीची मुले छत्र्या सावरत रस्ता ओलांडत होती. आमच्यापैकी एकाने धावत जाऊन बॉनेटवर थाप मारली, म्हणून गाडी थांबली. "अहो, ए.सी. लावा आणि हवा काचेवर सोडा," असे सांगितल्यावर उत्तर आले, "पावसात ए.सी. कशाला? थंडी वाजते!" डॅशबोर्डवरचे काचेच्या चित्राचे बटण दाबून दिले, तापमान थोडे गरमकडे फिरवले आणि बघता बघता काच स्वच्छ झाली. "चार वर्षं गाडी वापरतोय, हे बटण कशाचं ते आज कळलं," असे ते प्रांजळपणे म्हणाले.

त्यांना हसण्याचा अधिकार आम्हाला नाही. त्या दिवशी आम्ही संपादक मंडळींनी एकमेकांची परीक्षा घेतली, तेव्हा निकाल काही भूषणावह नव्हता. टायरमध्ये हवा किती भरावी हे ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या कागदावर लिहिलेले असते, हे दोघांना ठाऊक नव्हते. पेट्रोलच्या काट्याशेजारचा छोटा बाण टाकीचे झाकण कोणत्या बाजूला आहे ते सांगतो, हेही एकाला नवीनच होते. पंपावर गाडी उलटी लावण्याने फक्त हसे होते. पण काही गोष्टींचे अज्ञान जिवावर बेतते.

आमच्या बेळगावकरांना घाट नवा नाही. गोव्याला जाताना चोर्ला, पावसाळी सहलीला आंबोली. तरीही पेट्रोल वाचवायचे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करणारे आपल्यात आहेत. वस्तुस्थिती उलट आहे. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की पेट्रोल जवळजवळ बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतेच. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडी आवरते, हे जुने ड्रायव्हर शिकवून गेले आहेत. धुक्यात चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून चालणारे तर हमखास भेटतात. आपण डावीकडे वळणार की उजवीकडे, हे मागच्याला मग कसे कळावे?

जोराने ब्रेक दाबल्यावर पायाखाली खडखड जाणवते आणि माणूस घाबरून पाय उचलतो. तो बिघाड नव्हे. चाके जाम होऊ नयेत म्हणून ए.बी.एस. आपले काम करत असते. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचे झाले. पैसे मोजून घेतलेली ही सोय ऐन वेळी आपणच पाय उचलून निकामी करतो.

सर्वांत जास्त खंत वाटते ती मागच्या सीटची. तिथे आपली मुले बसतात आणि तिथलेच पट्टे आपण हौसेने शिवून घेतलेल्या सीटकव्हरखाली गाडून टाकतो. "एअरबॅग आहे ना!" असे म्हणणाऱ्यांनी स्टिअरिंगवरील एस.आर.एस. ही अक्षरे पाहावीत. त्यातील पहिल्या 'एस'चा अर्थ आहे पूरक. एअरबॅग पट्ट्याला पूरक आहे, पट्ट्याच्या बदली नाही. पट्टा न बांधता गजर बंद करणाऱ्या क्लिपाही काही जण वापरतात. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना अशा क्लिपा विक्रीतून काढून टाकण्याचा आदेश दिला. पण घरातल्या क्लिपा काढणार कोण?

पूर्वी ॲम्बॅसेडर किंवा पद्मिनी चालवणाऱ्याला गाडीची नस न् नस ठाऊक असे, कारण गाडी वाटेत बंद पडे आणि तिच्याशी झटावे लागे. आजच्या गाड्या सहसा बंद पडत नाहीत, म्हणून आपण बॉनेट उघडत नाही. हे सुख खरेच आहे. "गॅरेजवाला आहे की," असेही कोणी म्हणेल. दुरुस्तीला तो आहेच. पण घाटातल्या धुक्यात आपल्या शेजारी तो बसलेला नसतो. इंजिन खोलता यावे असा आमचा आग्रह नाही. लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन थांबावे, पिवळा लागला तर लवकर दाखवून घ्यावी, एवढे तरी यावे. नवा मोबाइल आणला की रात्र जागवून त्याची सारी बटणे आपण शिकतो. मग मुलांचा जीव जिच्या हवाली करतो, त्या गाडीला एक संध्याकाळ का देऊ नये?

विश्वस्तांना आमची विनंती आहे की पुढच्या पालकसभेनंतर अर्धा तास शाळेच्या पटांगणावर यासाठी द्यावा. आपल्या पालकांत गॅरेज चालवणारे जाणकार आहेत. ते आनंदाने सांगतील. शाळेच्या बसचे व रिक्षांचे चालकही त्या वेळी हजर असावेत.

आणि विद्यार्थी मित्रहो, गाडी चालवायला तुम्हाला अठरा वर्षे पूर्ण व्हायची आहेत, पण वाचायला वयाची अट नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीतले इंग्रजी पुस्तक बहुधा जसेच्या तसे पडून असेल. ते काढा, आईबाबांसमवेत वाचा आणि महत्त्वाच्या दहा गोष्टी आपल्या मराठीत एका कागदावर लिहून गाडीत ठेवा. त्याआधी मात्र एक काम आजच करा: मागच्या सीटकव्हरखाली हात घालून आपला पट्टा शोधून काढा.