इयादतीला जाल तेव्हा तिचीही विचारपूस करा

सतरावा रोजा आला की मशिदी-मशिदींतून बद्रची आठवण निघते. हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी याच महिन्यात तीनशेहून थोडी अधिक माणसे मदिनेहून निघाली आणि आपल्या तिप्पट फौजेला सामोरी गेली. ही हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण त्या दिवशी एक थोर सहाबी रणांगणावर नव्हते, याकडे आपले चटकन लक्ष जात नाही. हजरत उस्मान (रजि.) मदिनेतच थांबले होते. त्यांच्या पत्नी आणि प्रेषितांच्या कन्या हजरत रुकय्या (रजि.) आजारी होत्या. त्यांच्या सेवेसाठी थांबायला खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांनीच उस्मान यांना सांगितले होते. रुकय्या त्या आजारातून उठल्या नाहीत. मात्र बद्रमध्ये लढणाऱ्यांना जे पुण्य मिळाले आणि जो हिस्सा वाट्याला आला, ते दोन्ही उस्मान यांना मिळाले.

या घटनेत तीन गोष्टी आहेत. सेवा करणारा पुरुष होता. घरातल्या आजारी माणसाजवळ थांबणे हे त्या दिवसाच्या सर्वांत मोठ्या कामाच्या बरोबरीचे मानले गेले. आणि सेवा करणाऱ्याची दखल फक्त शब्दांनी घेतली गेली नाही, त्याला प्रत्यक्ष वाटा दिला गेला.

आपल्या मोहल्ल्यांत यातले किती उरले आहे? घरात कुणी अंथरुणाला खिळले की आपण इयादतीला जातो. रुग्णाच्या उशाशी बसतो, दुवा करतो, चहा घेतो. निघताना सेवा करणाऱ्या सुनेला किंवा मुलीला म्हणतो, “बेटी, तुझी जन्नत पक्की!” कौतुक मनापासून असते, पण आपण चपला घालून निघतो आणि चहाचे कप तीच विसळते.

अशा घरांना आधार देणारी जी वैद्यकीय सेवा जगभर उभी राहिली आहे, तिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. कर्करोग, पक्षाघात, स्मृतिभ्रंश, हृदय किंवा मूत्रपिंड निकामी होणे अशा गंभीर आजारांत वेदना, धाप, मळमळ, जखमा आणि मनाची घालमेल कमी करणे हे तिचे काम. “आता आमच्या हातात काही नाही” असे डॉक्टरांनी सांगितल्यावर ही सेवा सुरू होते, असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात आजाराचे निदान झाल्यापासून इतर उपचारांच्या जोडीने ती घ्यायची असते. डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. वेदना शरीराची असते तशी मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही असते, हे त्यांनी वैद्यकशास्त्राला शिकवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत तर रुग्णाबरोबर त्याचे कुटुंबही या सेवेचे हक्कदार आहे. याच संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना या सेवेची गरज असते आणि ती पोहोचते साधारण १४ टक्के गरजूंपर्यंत. उरलेल्यांना कोण सांभाळते, याचे उत्तर आपल्या प्रत्येकाच्या गल्लीत आहे.

रमजानमध्ये तर या घरांची कसोटीच असते. सहरीसाठी ती सगळ्यांच्या आधी उठते. रुग्णाची कूस बदलते, ओली चादर काढते, नळीतून पातळ अन्न देते आणि मग घराला सहरी वाढते. फजरनंतर घर झोपते तेव्हा तिला ड्रेसिंगची तयारी करायची असते. संध्याकाळी एका हाताने भजी तळायची आणि कान आतल्या खोलीकडे ठेवायचे. पुरुष तरावीहला जातात, तिची नमाजही दोनदा हाक आल्याशिवाय पुरी होत नाही. त्यात रुग्णाने “मी रोजा सोडणार नाही” असा हट्ट धरला, तर समजावायचे काम तिच्याकडेच. आजाऱ्याला रोजाची सवलत आहे आणि बरे होण्याची आशा नसेल तर फिदियाची सोय आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण अब्बांना किंवा दादीला ते पटवून गोळ्या वेळेवर देणारी ती एकटीच असते.

मी महाविद्यालयात शिकवते. एक हुशार विद्यार्थिनी सकाळच्या तासाला सलग गैरहजर राहू लागली. विचारले तेव्हा कळले की दादीला पक्षाघात झाला आहे, अम्मी कामाला जाते आणि दुपारपर्यंत दादीजवळ हीच असते. तिचा भाऊ आमच्याच महाविद्यालयात आहे. त्याची हजेरी पूर्ण होती.

या एकटेपणाची किंमत संशोधकांनी मोजली आहे. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आजारी जोडीदाराची सेवा करणाऱ्या वृद्धांची चार वर्षे पाहणी केली गेली. ज्यांना त्या सेवेचा ताण जाणवत होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका सेवेची जबाबदारी नसलेल्यांच्या तुलनेत ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. जे सेवा करत होते पण ज्यांना ताण नव्हता, त्यांच्यात मात्र अशी वाढ दिसली नाही. म्हणजे माणसाला खाते ती सेवा नाही, आधाराविना केलेली सेवा.

दुसरा अभ्यास त्याहून जुना, १९८० चा. स्टीव्हन झॅरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची देखभाल करणाऱ्या अवघ्या २९ जणांना प्रश्न विचारले. अपेक्षा अशी होती की रुग्ण जितका जास्त त्रास देतो, तितके ओझे जास्त वाटत असेल. तसे दिसले नाही. ओझ्याचा संबंध दिसला तो कुटुंबातली इतर माणसे रुग्णाला भेटायला किती वेळा येतात याच्याशी. जिथे येणे-जाणे जास्त, तिथे ओझे कमी. अभ्यास लहान होता, पण त्यातून तयार झालेली प्रश्नावली आज जगभर वापरली जाते. इयादतीची इतकी ताकीद आपल्याला का दिली गेली असेल, याचे एक उत्तर मला या निष्कर्षात दिसते.

तिसरा अभ्यास २०१५ चा, पुन्हा अमेरिकेतलाच. बळावलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या १२२ नातेवाइकांना प्रशिक्षित नर्सने फोनवरून मार्गदर्शन केले. अडचण कशी सोडवायची, स्वतःकडे कसे पाहायचे, मदत कुणाकडे आणि कशी मागायची, एवढेच. काहींना हे मार्गदर्शन लगेच मिळाले, काहींना तीन महिन्यांनी. ज्यांना लगेच मिळाले, त्यांच्यात तीन महिन्यांनंतर नैराश्य कमी होते. यासाठी मोठी इमारत किंवा महागडे यंत्र लागले नाही. फोन होता आणि ऐकून घेणारे जाणते माणूस होते.

यावर आपल्याकडे एक आक्षेप हमखास येतो. आई-वडिलांची खिदमत ही फर्ज आहे, तिला ‘ओझे’ म्हणणे हाच बेअदबीचा प्रकार नाही का? वृद्ध आई-वडिलांपुढे नाराजीचा साधा उद्गारही काढू नये, अशी कुरआनची शिकवण आहे, हे खरेच. पण आठ रात्री न झोपलेल्या माणसाच्या तोंडून तो उद्गार निघाला, तर दोष एकट्या त्याचा कसा? त्याला आठ रात्री एकटे सोडणारे आपणही त्यात आहोत. शिवाय हा हुकूम अपत्यांना आहे. सासू-सासऱ्यांची सेवा सुनेवर शरीयतने लादलेली नाही, ती तिची नेकी आहे आणि मूळ जबाबदारी मुलाची आहे, असे अनेक उलेमांनी स्पष्ट केले आहे. नेकी करणाऱ्याचे आभार मानायचे असतात. तिला ती हक्काने मागायची नसते.

दुसरी अडचण मॉर्फिनची. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर हे औषध जगभर वापरले जाते, पण “नशेची गोळी घरात कशी आणायची?” म्हणून कुटुंबे मागे हटतात. इलाजासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेले वेदनाशामक आणि नशा या वेगळ्या गोष्टी आहेत. गरजेपोटी अशा औषधाला फिकहमध्ये वाव आहे. शंका असेल तर आपल्या आलिमांना जरूर विचारावे, पण रुग्णाला कण्हत ठेवून नव्हे. सरकारी अटींमुळेही हे औषध वर्षानुवर्षे दुर्मीळ राहिले. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाल्यावर परवान्यांची गुंतागुंत कमी झाली. तरीही ते कुठे मिळते हे शोधण्यातच घरच्यांचे दिवस जातात.

मग करायचे काय? त्यासाठी फार लांब जायला नको. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी १९९३ मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात पॅलिएटिव्ह केअरचे काम सुरू केले. पुढे शेजारच्या मलप्पुरम जिल्ह्यात, जिथे मुस्लिमांची बहुसंख्या आहे, या कामाला मोहल्ल्याचे रूप आले. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी यांनी थोडे प्रशिक्षण घेतले आणि आपापल्या भागातल्या रुग्णांची घरे वाटून घेतली. पैसा लोकांच्या छोट्या छोट्या देणग्यांतून उभा राहिला. २००८ मध्ये केरळ सरकारने याविषयी धोरण जाहीर केले आणि गावोगावच्या पंचायती नर्सच्या घरभेटी चालवू लागल्या. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला सांभाळणाऱ्यासाठी तिथे ‘आश्वासकिरणम्’ नावाची योजना आहे, दरमहा ६०० रुपयांची. रक्कम तुटपुंजी आहे, पण सांभाळणाऱ्या माणसाच्या नावाने सरकारी खात्यात एक ओळ आहे.

महाराष्ट्रातही पाया आहेच. देशातले पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झाले. पुण्यात वारजे इथल्या सिपला केंद्रात १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांना मोफत सेवा मिळते. तिथे रुग्णासोबत घरचे माणूस राहते आणि कूस कशी बदलायची, जखम कशी धुवायची, औषध कसे द्यायचे हे शिकून घरी जाते. टाटा रुग्णालयाचे पथक मुंबईत रुग्णांच्या घरी जाते. पण ही सोय शहरांपुरती आहे. केंद्र सरकारचा पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ मध्ये आखला गेला. मालेगाव, भिवंडी, परभणी किंवा रत्नागिरीच्या आतल्या गावातल्या सुनेच्या दारात त्याची नर्स यायला हवी, हा आग्रह आपण लोकप्रतिनिधींकडे धरला पाहिजे. इफ्तारच्या कार्यक्रमाला ते येतातच, तेव्हा विचारायला हरकत नाही.

सरकार येईल तेव्हा येईल. रमजानमध्ये आपल्या हातात तीन गोष्टी आहेत. पहिली, जकात आणि सदका. दीर्घ आजाराने कंगाल झालेली कुटुंबे प्रत्येक वस्तीत आहेत. जकातीचे निकष आलिमांकडून समजून घ्यावेत, सदक्याला तेवढीही अट नाही. एअर बेड, व्हीलचेअर, डायपर, ड्रेसिंगचे सामान मशिदीच्या किंवा जमातीच्या कार्यालयात ठेवून गरजेप्रमाणे फिरवता येते. दुसरी, यादी. आपल्या गल्लीत अंथरुणावर कोण आहे आणि त्यांना कोण सांभाळते, ही दोन्ही नावे जमातीकडे असावीत. तिसरी, पाळी. मुलगे, जावई, भाऊ, पुतणे यांनी आठवड्यातली एकेक रात्र वाटून घ्यावी. कूस बदलायला आणि चादर काढायला पुरुषाचे हात चालतात.

आणि इयादतीची पद्धतही थोडी बदलूया. जाण्याआधी फोन करा. चहा नको म्हणा, जमल्यास इफ्तारचा डबा घेऊन जा. रुग्णाची तब्येत विचारून झाली की तिला विचारा, “तू शेवटची सलग कधी झोपलीस?” उत्तर काहीही येवो, तुम्ही दोन तास तिथे बसा आणि तिला झोपू द्या.